आठ मनात, पाच बोटांवर

“आठ आणि पाच बारा कधीपासून झाले हो, बाई?”

शाळा सुटून अर्धा तास झाला होता. पहिलीच्या वर्गात बाई एकट्याच खुर्चीत बसून होत्या. उजव्या पायातली चप्पल काढून त्यांनी पाय बाकाच्या आडव्या फळीवर टेकवला होता आणि आता उठायचं, घरी जायचं, एवढा एकच विचार गेली दहा मिनिटं चालला होता. केर काढणाऱ्या मावशी बाकं ओढत ओढत फळ्यापर्यंत आल्या होत्या आणि एखाद्या दुकानाची पाटी वाचावी तशा मान वर करून फळा वाचत होत्या. फळ्यावर बाईंच्याच हातचे आकडे होते, गोल, ठसठशीत, पोरांनी गिरवावेत असे. आठ अधिक पाच बरोबर बारा. खाली दुहेरी रेघ. “मी आपली चौथी नापास,” मावशी म्हणाल्या, “मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. बोटांवर करून बघितलं तेव्हा कुठे धीर आला.” बाई हसल्या. “अगं बाई! आणि हे दिवसभर तसंच राहिलं?” “राहणारच. पोरांना काय, तुम्ही लिहाल ती काळ्या दगडावरची रेघ.” मावशींनी फडकं उचललं. “पुसू?” “राहू द्या,” बाई म्हणाल्या. का राहू द्या, ते त्यांना सांगता आलं नसतं. हसू अजून तोंडावर होतं, पण घरून निघाल्यावर अर्ध्या वाटेत आपण काहीतरी मागे चालू ठेवून आलोय असं वाटावं, तसं काहीसं होऊ लागलं होतं.

आजचा तिसरा तास. मोठ्या बाई दारात उभ्या राहून कसलातरी तक्ता आजच्या आज भरून द्यायला सांगत होत्या, मागच्या बाकावर कुणाचीतरी पाण्याची बाटली सांडली होती, आणि बाईंचा हात फळ्यावर आपोआप चालला होता. एकतीस वर्षं तो असाच चालत आला होता. आठ मनात, पाच बोटांवर. आठाच्या पुढे मोजा. नऊ, दहा, अकरा, बारा… तिथे मोठ्या बाई म्हणाल्या, “आणि दोन प्रती हं,” आणि हात थांबला तो तिथेच. एक बोट उघडायचं राहून गेलं. मग मुलांनी ते उतरवून घेतलं, आणि बाई लाल पेन घेऊन बाकांमधून फिरल्या. पहिल्या दोन वर्षांतच त्यांनी वह्या वाचणं सोडून दिलं होतं. नुसती नजर टाकायची, पाहिजे तो आकडा दिसला की बरोबरची खूण, पुढचं बाक. बारा, बारा, बारा. आणि खिडकीकडच्या रांगेत, दुसऱ्या बाकावर, तेरा.

बाईंनी पाय चपलेत घातला आणि कपाट उघडलं. वह्यांचा गठ्ठा वरच होता. पोरं जिला मुंगी म्हणत ती मुलगी सहा वर्षांची, वर्गात सगळ्यांत लहान चणीची, आकडेसुद्धा चौकटीच्या कोपऱ्यात दडवून काढणारी. तिची वही मध्येच कुठेतरी होती. उघडली. तेराचा आकडा, त्यावर लाल फुली. फुली अशी की तिची टोकं शेजारच्या चौकटींत गेलेली. खाली पाच वेळा, एकाखाली एक, आठ अधिक पाच बरोबर बारा. पहिला बारा जरा थरथरलेला, रबराने पुसून पुन्हा काढलेला. दुसरा बरा. पाचवा अगदी वळणदार, छापल्यासारखा. आणि त्या पाचव्याच्या पुढे, लाल शाईत, बाईंच्या हातचं: छान.

आता सगळंच आठवलं. “फळ्यावर बघ जरा. डोळे कुठे आहेत तुझे?” असं त्या म्हणाल्या होत्या. मुंगी उभी राहिली होती. “बाई, पण—” “पण नाही नि बिण नाही. पाच वेळा लिहून आण.” आवाज चढवला नव्हता, आवाज चढवायचंही त्राण नव्हतं. मुंगीने एकदा वहीकडे, एकदा फळ्याकडे आणि मग बाईंच्या तोंडाकडे बघितलं होतं. ते शेवटचं बघणं जरा लांबलं होतं. मग ती खाली बसली आणि लिहायला लागली. चौतीस पोरांत जिला बेरीज आली होती, ती एकच. आणि तिला आपण ती पाच वेळा चुकवायला लावली, वर छान म्हटलं. “काय झालं हो?” मावशींनी विचारलं. “काही नाही. उद्या दुरुस्त करू,” असं म्हणून बाईंनी वही मिटली आणि गठ्ठ्यात ठेवायच्या ऐवजी पिशवीत घातली.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. रोजच्याच इमारती, गॅलऱ्यांतून वाळत घातलेले कपडे, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं. एक आकडा चुकला, त्यात एवढं काय, असं त्या स्वतःला समजावत होत्या. एकतीस वर्षांत हजारभर पोरं हाताखालून गेली, त्यांत अशा किती फुल्या पडल्या असतील देव जाणे. पण सलत होती ती फुली नव्हे. मुंगीचं ते तोंडाकडे बघणं. ते त्यांनी आधी कुठेतरी बघितलं होतं. कुठे ते त्यांना पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच त्या खिडकीबाहेर इतक्या मन लावून बघत होत्या.

त्यांची स्वतःची लेक सहा वर्षांची असताना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बेरजा करायची. बाई ओट्याशी, पाठमोऱ्या. लेक टेबलाशी खुर्चीत, पाय खाली लोंबकळत. “सात आणि सहा?” “तेरा.” “नक्की?” बस, एवढंच. हा ‘नक्की’ बाईंना अध्यापनाच्या वर्गात शिकवला गेला होता. मूल उत्तर देतं तेव्हा लगेच बरोबर म्हणू नका, त्याला विचारा, नक्की? म्हणजे ते स्वतः पडताळून बघेल. बाईंना ही युक्ती इतकी आवडली की ती त्यांच्या जिभेवर कायमची वस्तीला आली. पण लेक पडताळून बघत नसे. ती वर बघत असे. ओट्याशी उभ्या असलेल्या आईचा जेवढा गाल दिसेल तेवढा बघून अंदाज घेत असे आणि हळूच म्हणत असे, “चौदा?” मग बाई सुस्कारा टाकून म्हणायच्या, “अगं, तेराच. बरोबर होतं ना तुझं? मग बदललंस कशाला?” शेजारपाजारी सांगायच्या, पोर हुशार आहे हो, पण आत्मविश्वास म्हणून नाही. हा आत्मविश्वास घरातून रोज संध्याकाळी थोडा थोडा कुठे जातो, ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. किंवा आलं असेल. आपल्याला काय काय लक्षात आलं होतं याचा हिशोब माणूस नंतर आपल्याला सोयीचा तसा मांडतो, एवढं त्यांना या वयात कळत होतं.

घरी नवरा चहाचं आधण ठेवून वाट बघत होता. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी वर्तमानपत्र हातात पेन्सिल घेतल्याशिवाय वाचत नसे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर गोल करून ते बायकोला दाखवत असे. आज त्याने सहा गोल केले होते. बाईंनी चहा घेता घेता त्याला फळ्यावरची गोष्ट सांगितली. तो पोट धरून हसला. “चौतीस प्रती! आमच्याकडे तर एकदा पाच हजार निघाल्या होत्या, त्याही लग्नपत्रिका. वधूच्या जागी वराच्या काकाचं नाव.” बाई हसल्या नाहीत म्हटल्यावर तो थांबला. त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. “उद्या सांगून टाक की वर्गात. आम्ही शुद्धिपत्र लावायचो. इवलासा कागद, पहिल्या पानाच्या आधी चिकटवलेला.” “आणि वाचायचं कोण तो?” “कोणीच नाही,” तो म्हणाला. “पण लावायचो.”

चष्मा पुसणाऱ्या त्या बोटांकडे बाई बघत राहिल्या. त्या दिवशीही हा असाच चष्मा पुसत बसला होता. सहा वर्षं झाली. रविवारी भर दुपारी लेक आली होती, न कळवता, खांद्याला एक साधी पिशवी. राहायला येताना आणतात तशी बॅग नव्हे. लग्नाला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. बाई याच टेबलावर चाचणीचे पेपर तपासत होत्या आणि लेक समोरच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून, न बसता, म्हणाली होती, “आई, मी परत जाणार नाही तिकडे.” बाईंच्या हातात पेन होतं. पेपर अर्धे राहिले होते. डोक्यात एकाच वेळी पुष्कळ काही येऊन गेलं, जावई, त्याची ती मोठमोठ्याने बोलणारी आई, लोक काय म्हणतील, लेकीची खोली आपण सामानाने भरून टाकलीय, उद्याची शाळा. आणि या सगळ्यांतून तोंडातून निघाला तो एकच शब्द, पंचवीस वर्षांच्या सवयीचा. “नक्की?”

लेकीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ. बाप चष्मा पुसत होता. मग ती म्हणाली, “म्हणजे… बघू. तसं नक्की काही नाही.” आणि खुर्चीत बसली. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. तिने आपला कप स्वतः विसळून पालथा घातला आणि दिवस मावळायच्या आत पोचते म्हणून निघाली. बाई दारापर्यंत गेल्या. “सांभाळून जा,” म्हणाल्या, आणि आत येऊन उरलेले पेपर तपासले. त्यानंतर लेक त्या घरात आणखी तीन वर्षं राहिली. मग एक दिवस फोन आला, आई, मी चार महिन्यांपूर्वीच घर सोडलं, इथे एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत लागलेय, खोली घेतलीय, बरी आहे. या वेळी ती विचारायला आली नव्हती. त्या तीन वर्षांत काय झालं ते बाईंनी कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. तिचं डावं मनगट आता पूर्ण वळत नाही. पडले होते, एवढंच ती म्हणाली होती. दर रविवारी फोन असतो. जेवलीस का, झोप होते का, बाबांची सर्दी कशी आहे. दोघीजणी त्या तीन वर्षांच्या कडेकडेने चालतात, उघड्या गटाराच्या कडेने चालावं तशा, पाय जपून.

“तिला आपण परत पाठवलं,” बाई अचानक म्हणाल्या. कोणाला, असं नवऱ्याने विचारलं नाही. “आपण कुठे पाठवलं. ती स्वतःच गेली,” तो म्हणाला. मग पेन्सिल वर्तमानपत्रावर आडवी ठेवत, “मी काही बोललोच नाही ना तेव्हा?” “नाही.” “हं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. बेरीज तशीच होती; मावशींनी खरोखरच पुसली नव्हती. “काल मी फळ्यावर एक बेरीज लिहिली,” त्या म्हणाल्या, “ती चुकली. माझी चूक झाली. आठ आणि पाच तेरा होतात.” वर्गाला त्याचं काहीही वाटलं नाही. दोघं-तिघं हसले, एकाने शेजाऱ्याच्या पाठीत पेन्सिल टोचली. मग पहिल्या बाकावरचा, कायम नाक गळत असलेला एक जण उभा राहिला. “बाई, मग तुम्हाला पण पाच वेळा लिहायचं?” बाईंनी खडू घेतला आणि लिहिलं. पाच वेळा, एकाखाली एक. चौथ्या ओळीपाशी खांदा भरून आला. पोरं एका सुरात मोजत होती आणि पाचवं झाल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या, जणू बाईंनी काही पराक्रमच केला होता. बाईंनी वळून खिडकीकडच्या रांगेत बघितलं. मुंगीही टाळ्या वाजवत होती. बाकीचे वाजवत होते म्हणून, आणि बाकीचे थांबले तेव्हा थांबली.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला थांबवून घेतलं. टेबलावर बाटल्यांच्या बुचांचा डबा होता. “काल तुझं बरोबर होतं,” बाई म्हणाल्या. मुंगी बुचांकडे बघत होती. “तुला माहीत होतं ना, तेरा होतात ते?” “हो.” “मग बारा का लिहिलंस?” हा प्रश्न विचारतानाच तो किती उफराटा आहे ते बाईंना कळलं. मुंगीने मात्र तो नीट विचारात घेतला. “तुम्ही बाई आहात ना,” ती म्हणाली. “पण मी चुकले होते.” “हो.” “मग आता सांग. आठ आणि पाच किती?” मुंगीने बाईंच्या तोंडाकडे बघितलं. डोळे, मग ओठ, मग पुन्हा डोळे. “तेरा म्हणू?” तिने विचारलं.

बाई खुर्चीत बसल्या. एका दिवसात, एका फुलीने, एवढं. की एका दिवसात नाहीच. हिच्याही घरी कुणीतरी ओट्याशी पाठमोरं उभं असेल. त्यांनी डब्यातली बुचं टेबलावर ओतली. “हे बघ. ही बुचं तू मोज. आठ इकडे, पाच तिकडे, मग सगळी एकत्र. मी बघत नाही.” आणि त्यांनी खुर्ची फिरवली, भिंतीकडे तोंड करून बसल्या. भिंतीवर रंगाचा पोपडा सुटला होता. मागून बुचांचा आवाज येत होता, एकेक, टक, टक, मध्येच थांबणारा. बाहेर पोरांचा कालवा. पाठ करून बसणं इतकं अवघड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं; मानेचे स्नायू आपोआप वळायला बघत होते. एवढ्या वर्षांत त्यांनी एकाही मुलाला न बघता मोजू दिलं नव्हतं. “झालं,” मागून आवाज आला. “किती?” “तेरा.” त्यांच्या तोंडात तो शब्द आलाच, अगदी दातांपर्यंत, आणि त्यांनी तो गिळला. “बाई,” मुंगी म्हणाली, “बघा ना.” “मला कशाला बघायला पाहिजे? तू मोजलीस ना?” “मोजली.” “मग झालं तर.” मुंगीने सगळी बुचं पुन्हा मोजली, पहिल्यापासून, डब्यात भरली आणि आपला जेवणाचा डबा खायला पळाली.

असं काही चटकन सुधारलं मात्र नाही. बाई आता ‘नक्की’ म्हणत नव्हत्या, पण त्या नुसत्या गप्प राहिल्या तरी मुंगी गडबडून जाई. गुरुवारी तिने नऊ आणि चार तेरा सांगितले. बाईंना शिंक येणार होती म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला, तर तेवढ्यात तिने ते चौदा करून टाकले. शुक्रवारी बाईंनी तिला काही विचारलंच नाही. दमल्या होत्या. एका मुलीच्या मागे लागून बाकीची तेहतीस वाऱ्यावर सोडता येत नाहीत, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं. शनिवारी शाळा सुटायच्या बेताला मुलं दप्तरं भरत असताना खिडकीकडून भांडण ऐकू आलं. मुंगीच्या शेजारचा मुलगा रंगीत खडू मोजत होता. “अकरा आहेत.” “नाही, बारा,” मुंगी म्हणाली. “अकरा!” “बारा. बघ, हा तुझ्या मांडीखाली गेलाय.” आणि तिने त्याला ढकलून तो खडू काढला. आवाज चढलेला, कान लाल. बाई दारातच थबकल्या. मुंगीची नजर त्यांच्याकडे गेली आणि ती लगेच गप्प झाली, खाली बसली, दप्तराचा बंद लावू लागली. बाई बाहेर पडल्या. शेजारच्या पोराशी भांडता येतंय. बाईंशी नाही, पण त्याच्याशी येतंय.

रविवारी सकाळी त्यांनी फोन केला नाही. नवऱ्याला म्हणाल्या, मी तिकडे जाऊन येते. “मी येऊ?” “नको. तुम्ही पुढच्या वेळी.” त्याने मान हलवली आणि स्टँडपर्यंत पोचवायला आला. दोन तासांचा रस्ता. बाईंनी वाटेत काय बोलायचं ते जुळवून पाहिलं, वाक्यं मांडली, मोडली, पुन्हा मांडली. शेवटी कंटाळून डोळे मिटले.

लेकीची खोली तिसऱ्या मजल्यावर. दार उघडून ती बघतच राहिली. “काय गं? बाबा बरे आहेत ना?” “बरे आहेत. सहज आले.” “सहज?” लेक म्हणाली, आणि बाजूला झाली. खोली छोटी, लख्ख. एक खाट, खिडकीत एक कुंडी, दोरीवर प्रयोगशाळेतला पांढरा अंगरखा वाळत घातलेला. लेकीने पाणी दिलं आणि परत ओट्याशी जाऊन भाजी चिरायला लागली, पाठमोरी. डाव्या हाताने भाजी धरताना ती कोपर जरा उंच उचलत होती; मनगट वळत नव्हतं त्याची भरपाई. बाई खाटेवर बसल्या होत्या. मांडून ठेवलेल्या वाक्यांतलं एकही हाताशी लागेना.

“त्या दिवशी तू आली होतीस ना,” त्या म्हणाल्या. “पिशवी घेऊन. तेव्हा तुझं बरोबर होतं. माझं चुकलं.”

सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली. “सहा वर्षं झाली त्याला,” लेक म्हणाली.

“हो.”

“आता काय त्याचं?”

“काही नाही. सांगायचं होतं.”

“बरं,” लेक म्हणाली. तिने चिरलेली भाजी भांड्यात ढकलली, हात धुतले, पुसले, आणि तो पंचा खुंटीवर अडकवायला तिला जरा जास्तच वेळ लागला. बाईंना वाटलं, संपलं. एवढंच होतं, आणि आता जेवण, आणि मग परतीची बस. त्या खिडकीकडे बघू लागल्या. दूरच्या एका गच्चीवर कुणीतरी गाद्या झोडत होतं, आणि हात खाली आल्यावर क्षणभराने आवाज येत होता.

“मी लगेच नव्हते गेले,” लेक म्हणाली. अजून पाठमोरीच होती. “तुला वाटलं असेल, गेले. मी स्टँडवर बसले होते. त्या पाण्याच्या नळाच्या शेजारी बाक आहे ना, तिथे. पहिली बस आली, ती सोडली. म्हटलं, आईचे पेपर संपतील, मग तिच्या लक्षात येईल. दुसरी आली. मग वाटलं, तू नाही तर बाबा तरी येतील. तिसरीचा कंडक्टर दोनदा विचारून गेला, ताई, यायचंय की नाही. त्याला म्हटलं, माझं माणूस येतंय.”

बाईंनी दोन्ही हात खाटेच्या कडेवर ठेवले. त्या दुपारी आपण किती पेपर तपासले असतील, किती वाजता उठून दिवा लावला असेल, हे त्यांना आठवेना. स्टँड घरापासून चालत सात मिनिटांवर होता.

“मग?” त्यांनी विचारलं.

“मग काय. चौथी रिकामी होती,” लेक म्हणाली. “खिडकीशी जागा मिळाली.”

ती वळली. डोळे कोरडे होते, थकलेले होते, आणि ती आईच्या तोंडाकडे बघत नव्हती. बोलायचं होतं ते बोलून झालेल्या माणसासारखी खोलीत कुठेतरी बघत होती. बाईंना उठून तिच्याजवळ जायचं होतं. पण जायचा आपल्याला काय अधिकार, असं वाटलं. त्या बसून राहिल्या आणि लेक उभी राहिली, आणि भाजीचं भांडं तसंच ओट्यावर.

“बाकीचंही सांगशील?” बाई म्हणाल्या. “त्या तीन वर्षांचं. तुला वाटलं तर.”

“पुष्कळ आहे.”

“असू दे.”

लेकीने घड्याळाकडे बघितलं. “तुझी शेवटची बस पाचला आहे.”

“उद्या शाळेत रजा कळवते,” बाई म्हणाल्या.

लेकीने खाली वाकून खाटेखालून दुसरी गादी ओढली; डाव्या हाताने ओढता येईना म्हणून उजव्याने. बाईंनी दुसरं टोक धरलं.